पुलाच्या अलीकडे

४ फेब्रुवारी

दुकान बंद होऊन आज नऊ दिवस. अकरा वर्षं लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळले, आता माझाच एखादा स्क्रू ढिला झाल्यासारखं वाटतंय. मालक म्हणाले, "वय झालं, आता घरी बसतो." वय त्यांचं झालं आणि घरी बसले मी!

दुपारी कंटाळून मागची खोली आवरायला घेतली. जुन्या गाद्या, पाय मोडलेली खुर्ची, इस्त्रीचं टेबल, तीन गळक्या बादल्या. सगळ्याच्या खाली ताडपत्री आणि ताडपत्रीखाली मोटरसायकल. ती तिथे आहे हे लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत होतं. पण कधी बघितली नव्हती. टाकीवर बोट फिरवलं. धुळीखाली काळा रंग, त्यावर हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ.

"थंड आहे ना?" — मागून सासरे. कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. बाबांच्या नजरेचा मधलाच भाग गेलाय. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना ते दाराकडे बघतात, म्हणजे मी दिसते. "तुझं तोंड नाही दिसत गं, कान तेवढे दिसतात." कडाही हळूहळू जातील असं डॉक्टर म्हणालेत. चष्म्याच्या दुकानातली सून, आणि एकही काच त्यांच्या कामाची नाही!

५ फेब्रुवारी

सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "चालू करू या का तिला?" जसं काही पंखा चालू करायचाय.

७ फेब्रुवारी

इंजिन जाम. किकवर दोन्ही पायांनी उभी राहिले, उड्या मारल्या — ढिम्म! बाबा म्हणाले, "जोर करू नकोस. तिला भिजू दे." प्लग काढून त्या भोकात तेल आणि डिझेल ओतलं. आता वाट बघायची.

हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचं घरटं निघालं. कधीचं रिकामं. कापूस, सुतळी, आणि वहीच्या पानांचे तुकडे — त्यावर नवऱ्याच्या लहानपणीच्या अक्षरात पाढे. तो कामाच्या गावी असतो, रविवारी येतो. फोन करून सांगितलं. म्हणाला, "तरीच मला सतराचा येत नाही!"

आई — सासूबाई — जेवताना एकच वाक्य बोलल्या. "त्या खोलीतून आलात की हात घासून या. वास येतो."

त्या गाडीबद्दल या घरात कुणी बोलत नाही. मला नवऱ्याकडून कळलं तेवढंच ठाऊक. सव्वीस वर्षांपूर्वी बाबा गाडी चालवत होते, आई मागे बसल्या होत्या. पुलाजवळ गाडी घसरली. बाबांना खरचटलं, आईंचा डावा गुडघा गेला. तो अजून पुरता वाकत नाही. मामा — आईंचे थोरले भाऊ — त्या दिवसापासून बाबांशी बोलले नाहीत. यायचे, बहिणीची चौकशी करायचे, चहा प्यायचे, जायचे. बाबा समोर बसलेले असायचे! एकोणीस वर्षं असं चाललं. मग मामा गेलेच. त्यालाही सात वर्षं झाली.

९ फेब्रुवारी

ढिम्म.

११ फेब्रुवारी

इंजिन हललं! गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने मागेपुढे करत होते, आणि आत काहीतरी सुटलं. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. बाबांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटलेले. कितीतरी वेळ तसेच. मला म्हणाले, "फिरव अजून." मी फिरवत राहिले. खिडकीतून उन्हाची पट्टी आली होती, तीत धूळ तरंगत होती. किती वाजलेत, आज वार कोणता, काही आठवेना. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच आठवावंसंही वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला. बाबा प्रत्येक तुकडा बोटांत फिरवून ओळखतात. मी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून साफ करते. दोघांत मिळून एक धड माणूस! पेट्रोल जातं तो पितळेचा जेट तांदळाएवढा. त्यातलं भोक केसाच्या जाडीचं, तेही बुजलेलं. चष्म्याच्या कामातली सगळ्यांत बारीक तार घातली, फुंकर मारली, उजेडाकडे धरला. पलीकडे आभाळाचा एक ठिपका. अख्खं आभाळ तेवढ्याशा भोकात!

आई टेबलापाशी आल्या. क्षणभर थांबल्या. "जेवायचं कुठे मग?" एवढंच म्हणून गेल्या. पण थांबल्या होत्या.

१८ फेब्रुवारी

आज वेडेपणा केला. टाकी नाही, चाकांत हवा नाही, गाडी स्टँडवर. बाबा म्हणाले, "बस मागे." बसले. "डोळे मीट. धर नीट."

आणि निघालो! बाबा सांगत होते — कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, आता शाळेची लांब भिंत, आता रस्ता उतरतो, वारा गार लागतोय बघ, डावीकडे नदी आली. खरंच लागला वारा, शपथ! त्यांना आता जे दिसत नाही ते सगळं एकामागून एक येत होतं, झाडंसुद्धा.

"आता पूल—" म्हणाले आणि थांबले. मी डोळे मिटूनच बसले होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"उतरू या आता," बाबा म्हणाले.

२२ फेब्रुवारी

टाकीतला गंज काढायला आत खडी आणि व्हिनेगर घालून टाकी हलवायची. तासभर! गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "काय गं, बाळ रडतंय का?"

दुपारी बसल्याबसल्या डुलकी लागली. स्वप्नात कुठल्याशा सरळ रस्त्याने जात होते. पुढे कुणीतरी चालवत होतं. पाठ दिसत होती, चेहरा नाही. कोण ते विचारणार तोच जाग आली. मांडीवर टाकी.

२७ फेब्रुवारी

रविवार. नवऱ्याने टायर चढवले, नवी बॅटरी बसवली, कागदपत्रांचं तोच बघतोय. प्लग बाहेर टेकवून मी किक मारली — ठिणगी! बाबा लगेच, "निळी की पिवळी?" "निळी!" मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "परत मार." मारली. "दिसली!" म्हणाले. भिंतीकडे बघत, हसत. नवऱ्याने खिडकीबाहेर नजर वळवली.

२ मार्च



सकाळपासून किक मारत होते. तीस, चाळीस, मोजणं सोडलं. एकदा उलटा फटका बसला, पोटरी काळीनिळी झालीये. बाबा सांगत होते, मी मारत होते, ती नुसती खोकत होती. शेवटी मी पायरीवर बसून रडकुंडीला आले.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, चांगला खणखणीत —

"अगं, डाव्या हाताखालची बारकी कळ दाब आधी! हळूच किक दे. काटा मध्यावर आला की कळ सोड. मग मार! अर्धवट नको, खालपर्यंत!"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

उठले. कळ दाबली. हळूच किक. मीटरचा काटा मध्यावर. कळ सोडली. खालपर्यंत —

धड्! धड् धड् धड्...

खोली धुराने भरली. डब्यांची झाकणं वाजायला लागली, खिडकीच्या काचा, माझे दात, सगळं! बाबांनी टाकीवर दोन्ही तळहात ठेवले होते, चुलीवर शेकावेत तसे. मी ओरडत होते, काय ओरडत होते कुणास ठाऊक. वळून बघते तर दारात आई. या खोलीच्या उंबऱ्यात मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. हात पिठाचे. त्या आत आल्या, पाय ओढत. बाबांच्या शेजारून हात घालून ॲक्सिलरेटर किंचित कमी केला. आवाज एकदम सुरात आला.

"पळवू नका तिला अजून," म्हणाल्या. "गरम होऊ दे."

३ मार्च

दुपारी दोरीवरचे कपडे काढताना आई आपणहून बोलल्या. जसेच्या तसे शब्द लिहून ठेवते.

"मी चालवत होते त्या दिवशी. हे मागे होते."

माझ्या हातातली चादर तशीच.

"ह्यांनी शिकवली होती मला. शाळेच्या मैदानावर, सकाळी सकाळी, कुणी उठायच्या आत. मला वेड लागलं होतं बघ. पुलाआधीच्या वळणावर कुत्रं आडवं आलं आणि मी घाबरून ब्रेक दाबला. पुढचं आठवत नाही. मी शुद्धीवर आले तोवर ह्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, मीच चालवत होतो म्हणून."

"का पण?"

"लोक मला बोलतील म्हणून. बाईमाणसाला कसली हौस, हात-पाय मोडून घेतले, वर नवऱ्यालाही मारलं असतं — हेच ना? मला वाटलं, राहू दे दोन दिवस, मग सांगू. दोन दिवसांची सव्वीस वर्षं झाली." चादरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं, आम्ही घडी घातली. "माझा दादा ह्यांच्याशी बोलायचा बंद झाला. माझ्यासमोर बसून हे ते सगळं गिळायचे. मी चहा करायला उठायचे. दादा गेला त्या दिवशीसुद्धा मी बोलले नाही. आता कुणाला सांगू?"

थोड्या वेळाने, अगदी हळू — "स्वप्नात अजून चालवते मी. पाय बरा असतो."

आत येऊन बाबांना विचारलं, इतकी वर्षं कसं सोसलंत? म्हणाले, "तोंडातून गेलं तेव्हा पटकन गेलं गं. परत घ्यायचं तर तिला खोटं पाडून घ्यायचं. नाही जमलं." मग दाराकडे बघत, म्हणजे माझ्याकडे — "चांगली चालवायची. माझ्यापेक्षा चांगली."

६ मार्च

रविवार. नवऱ्याला आईंनीच सांगितलं, वाढता वाढता. तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे मामाने बाबांना उगाच...?" आई म्हणाल्या, "हो. उगाच." आणि पोळी वाढली.

जेवणानंतर नवरा गाडी चालवून बघायला गेला. या गाडीचे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्याचं सगळं उलटं व्हायला लागलं. गल्लीत तीनदा बंद पडली. आई पायरीवरून — "पहिला वर! वर रे! कुणाचा मुलगा आहेस तू!" किती दिवसांनी घरात असं हसलो.

मग नवरा खाली उतरला आणि नुसताच गाडी धरून उभा राहिला. आईंकडे बघत.

"किक तू मारायचीस," आई मला म्हणाल्या.

७ ते १५ मार्च

रोज सकाळी शाळेचं मैदान. आईंचा डावा गुडघा वाकत नाही, पण ब्रेकपुरता पाय पोचतो. आधी अंगण, मग मैदानाच्या फेऱ्या, मग बाबांना मागे घेऊन. डोक्यावर हेल्मेट, साडीऐवजी माझा जुना पंजाबी ड्रेस. मी भिंतीवर बसून बघते. सकाळचं धुकं असतं. मैदानाच्या टोकाला गाडी धुक्यात शिरते, दिसेनाशी होते, फक्त आवाज राहतो. मग आधी दिवा उगवतो. मग त्या दोघांचे आकार. पुढे आई, मागे बाबा. रोज तेच, आणि रोज मी श्वास धरून बसते.

आज परत येऊन आई म्हणाल्या, "उद्या मामींकडे जाऊन येतो. दादाला नाही, निदान तिला तरी सांगायला हवं." मामींचं घर सोळा किलोमीटरवर. पूल ओलांडून.

१६ मार्च, सकाळ

गेले. किक मी मारली. बाबांनी आईंच्या खांद्यावर हात ठेवला होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत आई मागे बघतील असं वाटलं. नाही बघितलं. बरोबरच आहे, चालवताना पुढे बघायचं असतं.

१६ मार्च, दुपार

मामींचा फोन. पोचले, सुखरूप. पुलावर थांबले नाहीत.

आईंनी दारातच सांगितलं म्हणे, हेल्मेटसुद्धा न काढता. मामी म्हणाल्या, "अगं, ह्यांना ठाऊक होतं! गाडी आणायला हेच गेले होते ना, तिथल्या टपरीवाल्याने सांगितलं — बाई चालवत होत्या म्हणून."

"मग मामा बाबांशी का बोलत नव्हते?"

"त्याने माझ्याशी खोटं का बोलावं, म्हणायचे. आणि तिला विचारा म्हटलं की म्हणायचे, विचारणार नाही. ती आपणहून सांगेल त्या दिवशी त्याला मिठी मारीन. दर खेपेला तेवढ्यासाठीच यायचे गं तुमच्याकडे. ती चहा करायला उठायची, आणि हे परत यायचे."

मग आई फोनवर आल्या. आवाज लहान मुलीसारखा.

"आज राहतो इथे. आमचा स्वयंपाक करू नकोस."