चौदाव्या स्लाइडपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार
सेफ्टीच्या ऑनलाइन कोर्सचं काम आजपासून माझ्याकडे. प्लांट हेड साहेब स्पष्ट म्हणाले, कस्टमरच्या ऑडिटमध्ये कोर्स चालला की असिस्टंट मॅनेजरची जागा तुझी. म्हणजे झालीच. मिनल, ट्रेनिंगमध्ये नवीन आलेली, मदत करू का विचारत होती. नको म्हटलं. श्रेयाची वाटणी कशाला?

५ नोव्हेंबर, बुधवार
कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेअरची बटणं आपल्या मर्जीने ठेवता किंवा काढता येतात! कोणी सांगितलं कसं नाही इतके दिवस? फॉरवर्ड काढलं. खालची पट्टी काढली, बोटाने पुढे ओढतात लेकाचे. पॉज काढलं. म्यूट काढलं. आता फक्त प्ले. एकदा दाबलं की चाळीस मिनिटं मी बोलणार आणि चाकणचा अख्खा प्लांट ऐकणार.

मला स्वतःला मात्र एवढं ऐकत बसायला वेळ नाही. म्हणून एक सोय केली. कोपऱ्यातल्या कंपनीच्या लोगोवर दोनदा क्लिक केलं की कोर्स थेट शेवटी.

हे फक्त प्रभाकरला सांगितलं. असेंब्लीचा सुपरवायझर, तळेगावहून येतो. मी लागलो तेव्हापासून आमचं जेवण एकत्र. पद्मा माझ्या डब्यात त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त घालते. तो म्हणाला, राव, पॉज तरी ठेव, माणसाला बाथरूमला जायचं असतं. भला माणूस, पण दृष्टी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार (साप्ताहिक सुट्टी)
घरीच रेकॉर्डिंग. निगडीत रस्त्यावरचे हॉर्न फार, म्हणून डोक्यावर रजई. घामाघूम. पण आवाज असा लागला की मलाच भरून आलं.

मध्येच पद्मा चहा घेऊन आली. एवढं सगळं तुम्ही तपासणार कधी, म्हणाली. तिला कळेल अशा भाषेत समजावलं. चहाबद्दलही दोन शब्द बोललो. रेकॉर्डिंग चालूच होतं, त्यामुळे पुन्हा सेटिंग लावावं लागलं नाही. वेळ वाचला.

१० नोव्हेंबर, सोमवार
कोर्स सुरू. त्याआधी सगळा तपासला (लोगोवरून). निर्दोष.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्रभाकर पहिल्या बॅचबरोबर पूर्ण कोर्स ऐकून आला. जेवताना जवळ सरकून हळूच म्हणाला, चौदा नंबरची स्लाइड एकदा कान देऊन ऐक. पुढेही काही सांगणार होता, मीच विनयाने थांबवलं. तोंडावर कौतुक मला आवडत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कॅन्टीनच्या शालनबाई चहा देताना म्हणाल्या, सायेब, आज आलं कमी टाकलंय बरं का. रांगेतले सगळे हसले. पेंट शॉपमध्येही एकाने विचारलं, सर, चहात आलं चालतं ना? किती काळजी! माणूस आवाजाने घराघरांत पोचतो तो असा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ११. रिपोर्ट आला. अख्ख्या बी शिफ्टने कोर्स सरासरी एका मिनिटात पूर्ण केला! एक मिनिट! शिकवणारा चांगला असला की शिकायला वेळ लागत नाही. साहेबांना मेल केला. मिनलने विचारलं, पण कोर्स चाळीस मिनिटांचा आहे ना? जळते.

दुपारी १. लोगो.

लोगोवर क्लिक करतात सगळे! गुपित फुटलं. दोघांनाच माहीत होतं, मला आणि प्रभाकरला. (पद्मा घरची, ती मोजण्यात नाही.) माझ्या डब्यातल्या पोळ्या खाऊन माझ्याच पाठीत सुरा. शेंगदाण्याची चटणीसुद्धा मी त्याला आधी वाढायचो.

दुपारी ३. प्रभाकर समजवायला आला. चौदा नंबर, चौदा नंबर, असंच चाललं होतं. पाठ फिरवली. साहेबांना त्याचं नाव लेखी कळवलं. त्याला मेमो मिळाला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पद्माला सांगितलं, उद्यापासून चारच पोळ्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
एकटा जेवलो. छान शांतता. चटणी उरली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑडिट. कस्टमरकडच्या मॅडमनी लाइनवरच्या ऑपरेटरला विचारलं, कोर्समधून काय शिकलात? तो म्हणाला, लोगोवर दोनदा दाबायचं. पढवलेला साक्षीदार! कोणी पढवलं ते मी जाणतो.

मग मॅडमनी कोर्स लावायला सांगितला. दुसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, जरा थांबवा, प्रश्न आहे. थांबवायचं कशाने? मॅडम बोलत होत्या, त्यांच्यावर मी पडद्यावरून हेल्मेटचे फायदे सांगत होतो. त्यांनी आवाज चढवला, माझा मुळातच चढा होता. शेवटी साहेबांनी उठून स्पीकरची पिन ओढली.

एकूण छाप बरी पडली असावी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
जागा मिनलला. आधी लोगोची सोय बंद केली तिने. बाकीची बटणं उद्या परत लावणार आहे. साहेब म्हणाले, तुझ्या स्वतःच्या नावासमोर कोर्स अजून अपूर्ण दिसतोय, आजच बसून पूर्ण कर.

बसलो. हेडफोन लावून. स्वतःलाच ऐकायला हरकत कसली? नवव्या स्लाइडला डुलकी लागली. चौदाव्याला जागा झालो, कारण मी पद्माशी बोलत होतो. अगं, तुला काय कळणार यातलं. कोपऱ्यातल्या लोगोवर दोनदा क्लिक केलं की थेट शेवटी. मी कशाला ऐकत बसू चाळीस मिनिटं? आणि चहात आलं किती घातलंयस, घशात जाळ झाला.

मग फुर्रकन चहा पिण्याचा आवाज. मग परत सेफ्टी शूज.

थांबवायला माउस हलवला. पॉज नव्हतं. उरलेलं सगळं ऐकलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पद्माला म्हटलं, सहा पोळ्या दे, चटणीही घाल. कशाला ते सांगितलं नाही. मेमो मागे घ्यावा म्हणून साहेबांना मेल लिहिला. प्रभाकरला काय म्हणायचं ते बसमध्ये पाठ केलं. साधंच होतं, चुकलो म्हणायचं.

जेवायच्या सुट्टीत असेंब्लीवर गेलो. प्रभाकरने बी शिफ्ट मागून घेतली म्हणे. आता साडेतीनला येतो. तोपर्यंत माझं जेवण उरकलेलं असतं. परतताना मिनल भेटली. ती म्हणाली, पॉज परत लावलंय, सर.

घरी पद्माने डबा उघडला. दोन पोळ्या तशाच. प्रभाकरभावजी आले नव्हते का, म्हणाली. त्यांची शिफ्ट बदलली, म्हटलं. उद्यापासून चारच दे.