बाळ्यानं गुंडाळलेला पिकअप

कोल्हापूर, गणपतीचा चौथा दिवस, २००३

डोकं फिरलंय. उद्या गल्लीच्या मंडपात वाजवायचं म्हणून सुरतेच्या मिलमधनं सुट्टी मागून आलो, तर गिटारीचा आवाज गोधडीत कोंबल्यासारखा. तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा पिकअप मी नसताना बंद पडला हुता म्हणं. माझा दोस्त बाळ्या, त्यानं तो आपल्या मोटार वायंडिंगच्या दुकानात नेला आणि त्यातल्या चुंबकावर नवी तार गुंडाळली. तीबी दुप्पट!

"जास्त वेढं दिलं की ताकद वाढती. आवाज मोठा झाला का न्हाय?"

"झाला की! पण धार गेली. ही काय उसाला पाणी पाजायची मोटार हाय व्हय रं?"

वेढं वाढलं की वरचा बारीक आवाज त्या तारेतच मरतो. एवढंबी कळू नये? बारीक आवाज वाढवायचं ट्रेबलचं बटण पुरं फिरवलं, तरी धार न्हाय. वर आई म्हणती, "आता बरं वाजतंय, कानात टोचत न्हाय."

टोचायलाच पायजे! बाळ्या म्हणतो, गणपती झाल्यावर जादा तार काढू. मग काय उपयोग? मिलच्या खडखडाटात वर्षभर माझं बोलणंबी कुणाला ऐकू जात न्हाय. आत्ताच जाऊन त्याला दुकान उघडायला लावतो. उद्या तरी टोचू दे.