पन्नासावीची हजेरी

४ सप्टेंबर
चूक झाली. झाली कसली, या हातांनी केली! पन्नासावीची वीस ऑगस्टपासूनची रिकामी हजेरी आज भरून टाकली. मुलगी दोन आठवडे वर्गात नाही.

नव्या धोरणात परदेशी विद्यार्थी किमान पन्नास हवेत, तरच विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय दर्जा. आमच्याकडे मोजून पन्नास. दोन आठवडे कुणी दिसलं नाही तर वर कळवायचं, हाही नियमच. पण कळवलं की एकोणपन्नास! जगसाहेब (आमच्या परदेशी विद्यार्थी कक्षाचे प्रमुख — दर वाक्यात ‘जग’) म्हणाले, “दर्जा तपासणारी समिती येऊन जाऊ दे. फिरायला गेली असेल.” मी मान डोलावली. नेहमीसारखी.

६ सप्टेंबर
वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. खोलीला कुलूप आहे. त्यांनी आमच्याच कक्षाची यादी उघडून पाहिली होती. “हजेरी लागतेय ना ताई, मग मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ?” माझ्या भरवशावर त्या निवांत!

९ सप्टेंबर
संगणकावर रोज एक टिचकी. हजर.

ती शेवटची कक्षात आली तेव्हा खिडकीशी बराच वेळ उभी होती. माहितीपत्रकासाठी फोटो काढला तेव्हा हसत नव्हती, म्हणून तिला मागच्या रांगेत ढकललं होतं आम्ही. त्या दिवशी काहीतरी सांगायचं होतं तिला. मी म्हटलं, जेवणाची सुट्टी झाली, उद्या ये. अर्धं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. काय असेल ते?

१२ सप्टेंबर
समिती आली. एकोणपन्नास जण रांगेत उभे केले. पन्नासावी ग्रंथालयात आहे म्हणे! साहेबांनी ठोकून दिलं आणि ते खपलं.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, पालकांना दर महिन्याला हजेरीपत्र पाठवायची कल्पना कुणाची? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या वाजल्या. ते पत्र पाच तारखेला संगणकावरून आपोआप जातं. आणि मी हजेरी भरली चार तारखेला!

१३ सप्टेंबर
ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, “नोकरी जाईल तर जाईल. आधी कळव.” बोलायला काय जातं! दिवसभर त्यांच्यावर चिडचिड केली. भीती त्यांची थोडीच वाटतेय.

१५ सप्टेंबर
साहेबांना न विचारता वर कळवलं. तिथून तडक पोलिसांकडे. हवालदारानं फॉर्म पुढे ओढला. शेवटची कधी दिसली होती?
“खरं सांगायचं तर वीस ऑगस्टच्या आधी.”
“आणि कागदावर?”
“बारा सप्टेंबरला.”
त्यानं पेन खाली ठेवलं.

१६ सप्टेंबर
साहेब बोलत नाहीत. मुलीचा पत्ता नाही.

१८ सप्टेंबर
तिची आई आली. दोन विमानं बदलून. हातात माझं हजेरीपत्र, छापून घेतलेलं, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. रागावली नाही, हे फार वाईट झालं. दुभाषा खाली बघून सांगत होता — “ऑगस्टपासून लेकीचा फोन लागत नव्हता. बॅग भरून त्या निघालेल्याच होत्या. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, म्हणून थांबल्या.”