वीस हात लांब, दहा हात रुंद

प्रिय बाबा,

सिमेंटच्या थैल्यांवर बसून तुमाले हे पत्र लिहून राह्यली. उद्या सकाळी आपल्या गोठ्यात काँक्रीट पडणार आहे आन् तुमाले सांगितल्याशिवाय मले राहवत नाही. तुमचं उत्तर मले पाठ आहे. "गाय काय पाहुणी हाये काय, फरशीवर बसाले?"

पण बाबा, मागच्या पावसाळ्यात आई धार काढायले गेली आन् गोठ्यातल्या चिखलात घसरली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. दादानं तेव्हाच सांगून टाकलं, "गाई इकून टाकू. मी दिवसभर वावरात, हिच्याकडं कोन पाहीन?" त्याचंही चुकलं नाही. पण आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. तुमी गेल्यापासून तिचं अर्धं बोलणं त्या दोन गाईंशीच असतं. मी काय, वाशिमच्या शाळेतली मास्तरीण, सुट्टीले येणार आन् डबा घेऊन जाणार!

मग मीच मधे पडली. म्हटलं, गोठा पक्का करू, पैसे माझे. दादा म्हणाला, "कर. पन मिरगाच्या पावसाच्या आत. मले एक रुपया मागू नको. नाई झालं त गाई बाजारात."

काय सांगू, महिनाभर मले दुसरं काही सुचलंच नाही. वर्गात घनफळ शिकवून राह्यली आन् डोळ्यापुढं गोठा. तीस फूट गुणिले पंधरा फूट, जाडी चार इंच, म्हणजे दीडशे घनफूट. सत्तावीस थैल्या सिमेंट. रेती, गिट्टी, काँक्रीट कालवायचं मशीन, मजुरी, सगळं मांडलं. अनसिंगच्या तीन दुकानांत भाव विचारले. पैसे बरोबर पुरत होते, वर चहापाण्यापुरते उरत होते. इतका आनंद मले डी.एड. पास झाल्यावरही झाला नव्हता.

माप आईनं फोनवर सांगितलं होतं. "वीस हात लांब, दहा हात रुंद. तुह्या बाबानं खांब गाडले तवा दोरी मीच धरली होती." हात म्हणजे दीड फूट, हे मी पोरांना शिकवते. सलीममिस्त्री तेव्हा मानोऱ्याकडे कामावर होता. त्याले फोन करून हिशेब सांगितला तर त्यानं एकच विचारलं, "ताई, हात कोनाचा?" मी हसली. हात तो हात, त्यात कोणाचा काय?

आज सकाळी सगळा माल येऊन पडला आन् मिस्त्री दोरी लावाले आला. टेप कोणता होता सांगू? माझ्या पहिल्या पगारातून तुमाले घेऊन दिला होता तो. तुमी खिळ्याले टांगला, पिशवीतून काढलासुद्धा नाही. "माह्या हाताले काय रोग झाला?" म्हणाले होते. मले तेव्हा लई वाईट वाटलं होतं बाबा. कधी बोलली नाही, आज बोलते.

टेप ताणला. तेहतीस फूट आन् वर चार इंच. परत मोजलं, तेच. रुंदी सोळा फूट आठ इंच. सहा थैल्या कमी, रेती-गिट्टी वेगळी, आन् माझ्याकडे उरले ते चहाचे पैसे. मशीन उद्याचंच ठरलं होतं. परवा मिस्त्री पोहरादेवीच्या कामावर जाणार, मग त्याचा पत्ता मिरगानंतरच. तो म्हणाला, "जाडी तीन इंच करू, भागते." गाईंच्या वजनानं तडकणार नाही काय, विचारलं तर टेप गुंडाळाले लागला.

मी सगळा राग आईवर काढला. "तुले नीट आठवत नव्हतं त सांगितलं काहून?"

आई शांतपणे म्हणाली, "मले नीट आठोते. वीसच होते. एकई कमी नाई, एकई जास्त नाई."

मी तणतणतच भागाकार केला. चारशे इंच भागिले वीस. वीस इंच. रुंदीचे दोनशे भागिले दहा. परत वीस इंच! बाबा, दोन्हीकडून तेच आलं. माझ्या पुस्तकातला हात अठरा इंचांचा, तुमचा वीस.

मी तिथंच खाली बसली. तुमचे सदरे वाटून टाकले, चपला दिल्या, फोटो आहे तो छातीपर्यंतचाच. आन् तुमचा हात चार वर्षं या गोठ्यात पडून होता, आमी त्याच्यावरून शेण काढत होतो. मी रडली पण, हसली पण. आई म्हणाली, "लांबच होता त्याहिचा हात. बाहेरून खिडकीत हात घालून दाराची कडी काढत."

दादा गाईंसाठी रचलेल्या कुटाराच्या ढिगापाशी उभा होता. पुढं आला, उकिडवा बसला, टेपच्या तोंडाशी कोपर टेकवलं आन् बोटं सरळ केली. वीस इंच. स्वतःच्या हाताकडे पाहतच राह्यला. मग उठला. "मिस्त्री, चार इंचच टाका. जे कमी हाये ते मी आनतो." आन् गेला ट्रॅक्टर घेऊन अनसिंगले. अजून यायचा आहे, म्हणून मले लिहायले वेळ मिळाला.

तुमी सिमेंटले नाही काहून म्हणत होते, तेही मले कळते. गुळगुळीत फरशीवर गाय घसरते, बसली तर उठत नाही. तर हे वचन घ्या. फरशी घोटणार नाही. ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवू आन् आडव्या खाचा पाडू. मिस्त्रीनं विचारलं, "किती अंतरावर?" मी म्हटलं, एक हात. "कोनाचा?" म्हणाला. या वेळी मी हसली नाही.

प्रत्येक खाच तुमच्या हाताच्या मापानं पडेल बाबा. दादा हात ठेवणार, मी रेघ मारणार. आन् आई म्हणते, दोरी मीच धरीन.

तुमची,
शालू