अकरा पॉइंट आठ

१९ तारीख, सोमवार
पुन्हा अकरा पॉइंट आठ! रात्रभर चार्जर लावला होता, तरी मीटरवरचा व्होल्टचा आकडा जागचा हलायला तयार नाही. हे होते तोवर गाडीमागे जोडायच्या या घरासारख्या ट्रेलरच्या बॅटरीने कधी कुरकूर केली नाही. यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता माझ्याच वाट्याला तिचे नखरे!

एक तारखेला मला दुसऱ्या शहरात नोकरीवर हजर व्हायचंय. त्याआधी सासूबाईंना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे पोचवायचं. कायमचं. त्यांना सांगितलंय — चार दिवसांची सहल. रस्ता दोन दिवसांचा, त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि फ्रिज बॅटरीवर. बॅटरी नाही तर जाणं नाही.

२० तारीख
टर्मिनल घासली. पांढरा थर निघाला, माझं नखही निघालं. डिस्टिल्ड वॉटर भरलं. सासूबाई खिडकीतून — "अगं, राहू दे की! सहलीवाचून काय अडलंय?"

त्यांचं काय जातंय बोलायला!

२१ तारीख
अकरा पॉइंट आठ. डोकं फिरलंय.

२३ तारीख
मेकॅनिक उगवला एकदाचा! दोन दिवस नुसतं "आलोच काकू, आलोच." ट्रेलरच्या पुढच्या, बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. "काकू, बॅटरीचा मेन स्विच बंद आहे. प्लग लावला की आतले दिवे लागतात, म्हणून कळत नाही. पण हा बंद असला की करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही."

"अहो, मी स्वतः चालू केला होता!"

"होतं असं," म्हणाला. चक्क वेड्यात काढलं मला.

२४ तारीख
दुपारी बघते तर स्विच बंद! पुन्हा चालू केला आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिले. चारच्या सुमारास सासूबाई काठी टेकत आल्या. एरवी पडलेला रुमाल उचलता येत नाही, पण पेटीशी बरोबर वाकल्या. खट्!

खोडच आहे त्यांची. घरभर दिवे-पंखे बंद करत फिरतात, मी वाचत बसलेली असले तरी. पण आज माझा तोल गेला. "माझ्या जिवावर उठलाय का तुम्ही?" असं बोलले. सासूला! त्या जेवल्याही नाहीत. वाईट वाटलं, पण राग जास्त होता, खोटं कशाला लिहू.

२५ तारीख
बारा पॉइंट तीन. चढतोय! त्या आज ट्रेलरकडे फिरकल्या नाहीत.

२६ तारीख
बारा पॉइंट सात! फुल्ल!

सांगायला धावले तर सासूबाई ट्रेलरमध्ये आधीच बसलेल्या. मांडीवर यांचा फोटो. शेजारी तीन बॅगा, स्वेटरसकट सगळे कपडे.

"धाकटीनं मला महिन्यापूर्वीच सांगितलंय," म्हणाल्या. "चल, सोडून ये मला."