पायलच्या वाचनाचे कागद

८ नोव्हेंबर, शनिवार
शाळेत पालकसभा. मॅडम म्हणाल्या, "पायल पढ़ने में बिल्कुल ध्यान नहीं देती." आमची पायल! जिची बडबड भाजीवाली पण थांबून ऐकते! ती माह्या बाजूलेच उभी होती. मान खाली. गाडीवर मागून घट्ट धरून बसली.

१० नोव्हेंबर, सोमवार
प्लांटमधून आलो अन् मोबाइल घेऊन बसलो. मुलांच्या वाचनाच्या वर्कशीट शोधून राहिलो. इंग्रजीत ढीगभर. हिंदीत पण बऱ्याच. मराठीत शोधता शोधता अंगठा दुखला — पण सापडल्या! चित्र पाहा, शब्द वाचा, जोडी लावा. पायलची आई, संघमित्रा, म्हणे, "शाळा हिंदी, अन् तुमी मराठी कावून देऊन राहिले?" म्हटलं, घरची भाषा आहे, पोरीले आधी हीच जमेल. चौकातल्या झेरॉक्सवाल्या सुशीलनं कागदाची बचत म्हणून एका पानावर चार-चार छापल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चित्र कोहळ्याचं — भोपळ्याले आमच्याकडे कोहळंच म्हणतात — खाली लिहिलेलं 'भोपळा'. पायल ओरडली, "कोहळं!" मले हसू आवरेना. मग चित्रावर हात ठेवला, म्हटलं, आता नुसता शब्द वाच.
तिनं डोळे चोळले. मग म्हणे, "पप्पा, अक्षरं हलतात."
"बसायचं नाई म्हणून सांगते हे!" — संघमित्रा. पायल रडली. कडेवर घेऊन अंगणात फिरवलं. सात वर्षांची झाली, जड झाली आता!

१३ नोव्हेंबर
सकाळी पाहतो तर पायल एकटीच कागद घेऊन बसलेली. कोणी सांगितलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सुशीलच्या मशीनचं आज काय बिघडलं काय माहीत. एकेक शब्द अख्ख्या पानावर! "भैया, सेटिंग गड़बड़ हो गई, दुबारा निकालता हूँ." म्हटलं राहू दे, तसेच घेऊन आलो.
पायलनं पान उचललं. "विहीर." दुसरं — "गवत." तिसरं — "पाऊलवाट." चित्र नाही, काही नाही, अन् धडाधड! संघमित्रा पोळ्या सोडून आली, हाताले पीठ तसंच. मी तेच शब्द बारीक छापलेला जुना कागद पुढे केला. पायलनं डोळे बारीक केले. "हे नाई येत."
म्हटलं, डॉक्टरले डोळे दाखवू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
डोळ्यांचे डॉक्टर. जवळचं धूसर दिसते तिले. बहुतेक लहानपणापासूनच. दूरचं बरं दिसे, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिले वाटे, सगळ्यांनाच असंच दिसत असेल.
बाहेर आल्यावर संघमित्रानं तिले जवळ ओढलं. "मले सांगितलं कावून नाई, माय?"
"सांगितलं ना. हलतात म्हणून."
संघमित्रा तिथंच रडली.

२३ नोव्हेंबर, रविवार
चष्मा आला. गुलाबी! मांडीवर घेतलं, कागद हातात दिला. म्हटलं, वाच.
तिनं कागद पाहिलाच नाही. माह्या तोंडाकडे पाहत राहिली.
"पप्पा, तुमच्या गालावर हे काय झालं?"
रोज याच गालाचा पापा घेते! "वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, बेटा. जुने डाग आहेत."
तिनं एकेका डागावर हळूच बोट ठेवलं.
"दुखते का?"