तीनशेचारची ट्यूब का गळाली

३ मार्च
त्या सकाळी मी दूध तापवलं, दारात सडा टाकला, कळण्याच्या भाकरी थापत होते. हे ओट्याशी उभे राहून ठेचा चाखत सांगत होते, "धुळ्याच्या कूलरला ३०४ स्टीलच घातलंय. त्याहून भारी घालणं म्हणजे शेठचा पैसा पाण्यात." मी म्हटलं, आधी जेवून घ्या. एवढंच शेवटचं बोलणं. हे जाऊन दोन वर्षं होतील आता.
आज तोच कूलर गळाला. गरम तेल थंड करायच्या जागी तेलात पाणी. गिरणीचे शेठ फोनवर: "ताई, साहेबांच्या स्टीलची चाळणी झाली. या खेपेला साधं लोखंड घाला. गळायचंच तर स्वस्तात गळू द्या."

४ मार्च
नळ्यांचं बंडल जळगावला आमच्या वर्कशॉपला आलं. एक ट्यूब उभी चिरून घेतली. आतून टाचणीएवढे खड्डे, सगळे खालच्या अंगाला, काही आरपार.
लोखंड घातलं तर बोअरच्या पाण्यात दोन-तीन वर्षांत गंजणार, म्हणजे पुन्हा खोला, पुन्हा गिरणी बंद. पुस्तक म्हणतं, पाणी खारं असेल तर ३१६ स्टीलची ट्यूब. ती बरीच महाग. दुपारी टायटॅनियमवाला येऊन गेला. "मॅडम, आयुष्यभराची काळजी मिटेल." कुणाच्या आयुष्यभराची? डोकं फिरलं.

७ मार्च
गिरणीच्या पाण्याचा रिपोर्ट. क्षार आहेत, पण ३०४ला न झेपण्याइतके नाहीत. मग गळाली कशी?
ह्यांचं चुकलं हे मनाला पटत नाही. पण मला पटत नाही हा काही पुरावा नाही.
तरी ३१६चं कोटेशन पाठवलं. महाग घातलं की कुणी बोट दाखवत नाही.

१० मार्च
धुळे. तिथल्या फोरमनला विचारलं, गिरणी बंद असते तेव्हा नळ्यांत पाणी राहतं का? "नही वं अक्का, बठ्ठं काढी टाकतस." सगळं काढून टाकतात म्हणे.
शेजारी ह्यांनीच केलेला जुना कूलर. तीच ट्यूब, तेच पाणी, सहा वर्षं. हट्टाने उघडायला लावला. आत एक खड्डा नाही.
परतताना एरंडोल येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात. ट्यूब तीच, पाणी तेच, मग वेगळं काय?

११ मार्च
आमचे जुने फिटर, नाना. त्यांना विचारलं, हा गळालेला कूलर तेव्हा पाणी भरून तपासला, मग धुळ्याला गेला कधी? खाली बघत म्हणाले, "टेस्ट लायेल व्हती वहिनी. तितल्यामा दवाखानाना फोन उना. मंग तेरावं व्हयेपर्यंत कुलूप. पानी कोन काढी?"
टेस्ट लावली आणि तेवढ्यात हे गेल्याचा दवाखान्यातून फोन आला. सुतकात वर्कशॉप उघडायचं नाही, एवढंच सगळ्यांना माहीत. तेरा दिवस आमच्या बोअरचं पाणी आत. ते चहालासुद्धा चालत नाही, इतकं खारट. गाळ खाली बसला, त्याखाली स्टील पोखरलं जाऊ लागलं, आणि एकदा पडलेला खड्डा खोलच होत जातो. चौदाव्या दिवशी पाणी काढून टाकलं आणि मीच सही करून कूलर ट्रकवर चढवला.
नानांवर ओरडले. मग लाज वाटली. किल्ली माझ्याकडे होती.
"३१६ लाई द्या," नाना म्हणाले. "बठ्ठं झाकाई जाई."

१२ मार्च
शेठचा फोन. ३१६ मंजूर. "महाग पडतंय, पण साहेबांसारखी चूक नको परत." मी "हो" म्हणाले.
हो म्हणाले!
जेवण गेलं नाही. खरं सांगावं तर ३०४ पदरच्या खर्चाने घालावी लागेल. आणि धुळ्यातल्या बाकीच्या गिरण्या शेठच्या शब्दावर काम देतात. त्यांनी तोंड फिरवलं तर नानांना आणि बाकीच्यांना मी काय...
नाही सांगितलं तर चूक ह्यांच्या नावावर. ते बोलायला नाहीत.

१३ मार्च
सकाळच्या गाडीने धुळ्याला गेले. शेठना सांगितलं: ट्यूब बरोबर होती, पाणी आमच्याकडे तेरा दिवस तुंबलं. ३१६ची गरज नाही, ३०४ आमच्या खर्चाने घालून देते. त्यांनी ३१६चं कोटेशन समोर ओढलं. मग म्हणाले, "विचार करून कळवतो, ताई." मी कोटेशन परत मागून घेतलं आणि दुपारच्या गाडीने जळगावला आले.